कोड, केसाचं मूळ आणि "स्टेम सेलची सहा इंजेक्शनं"

कृष्णाकाठ:

मंडळी, धागा काढायला कारण माझी भाची. तेरा वर्षांची आहे, आठवीत. दिवाळीत तिच्या उजव्या गुडघ्यावर रुपयाएवढा पांढरा डाग दिसला, संक्रांतीपर्यंत शेजारी दुसरा आला. ताई-भाऊजी तिला एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकमध्ये घेऊन गेले. पंधरा मिनिटांत निदान झालं आणि हातात छापील पत्रक पडलं: स्टेम सेलची सहा इंजेक्शनं, डाग मुळापासून जाईल, प्रतिकारशक्ती वाढेल. आकडा लाखांत. भाऊजी पतसंस्थेत कर्जाचा अर्ज आणायला निघाले होते. रात्री साडेदहाला ताईचा फोन आला, "तू सांग, करू का?"

मला विचारलं, कारण घरात कोड असलेली मीच. बारावीच्या वर्षी सुरू झालं, त्याला आता बावीस वर्षं झाली. शिवाय कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. त्या रात्री ताईला एवढंच म्हटलं, महिनाभर थांब. मग महिनाभर वाचलं, आमच्या गावातल्या त्वचारोगतज्ज्ञांना दोनदा भेटले. जे कळलं ते इथे मांडते, कारण असा फोन आणखी कुणाच्या घरीही येत असणार.

पत्रकातल्या "प्रतिकारशक्ती वाढेल" या शब्दांनीच मला धस्स झालं. कोडात प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती आपल्याच घरावर चालून येते. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट म्हणजे रंगपेशी असतात. एकेक रंगपेशी आजूबाजूच्या साधारण तीस-चाळीस पेशींना रंग पुरवते. कोडात या रंगपेशींना प्रतिकारशक्तीच्याच टी पेशी शोधून शोधून मारतात. मारता मारता त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात. ते लागलं की त्वचेच्या साध्या पेशी सीएक्ससीएल१० नावाचा निरोप बाहेर पाठवतात, आणि तो निरोप ऐकून आणखी टी पेशी येतात. असं चक्र फिरत राहतं आणि डागाची कड पुढे सरकत जाते. अशा आजारात "प्रतिकारशक्ती वाढवू" म्हणणाऱ्याने आजार समजून तरी घेतला आहे का, असा प्रश्न पडतो.

आता स्टेम सेलबद्दल. ज्या पेशींसाठी भाऊजी कर्ज काढणार होते त्या मुलीच्या गुडघ्यात आहेतच! केस जिथे त्वचेत रुजतो तिथे मुळाच्या थोडं वर एक फुगवटा असतो. त्यात रंगपेशींच्या मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल, झोपून असतात. एमी निशिमुरा या जपानी संशोधिकेने २००२ साली उंदरांच्या केसांत त्यांची जागा दाखवून दिली. टी पेशींचा हल्ला झाला तरी या मूळपेशी बहुतेक वेळा वाचतात, कारण फुगवट्यात टी पेशींचा शिरकाव कमी आणि झोपलेल्या मूळपेशीवर रंगाची ओळखही अजून उमटलेली नसते. उपचार लागू पडला की याच पेशी जाग्या होतात, केसाच्या कडेने वर येतात आणि छिद्राभोवती तपकिरी ठिपका उमटतो. पुढे ठिपक्याला ठिपका मिळतो. चेहऱ्यावरचं कोड लवकर भरतं आणि ओठ, बोटांची टोकं, तळवे हट्टी राहतात त्याचं कारण हेच. तिथे केस नाहीत, म्हणजे साठाही नाही.

आमच्या डॉक्टरांनी भाचीला तपासलं तेव्हा मी सोबत होते. खोली अंधारी केली, जांभळा दिवा गुडघ्यावर धरला. दोन्ही डाग खडूने रंगवल्यासारखे निळसर पांढरे चमकले. मग साधा दिवा लावून त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "लव बघा." पहिल्या डागावरची बारीक लव काळी होती. दुसऱ्या डागावर दोन केस पांढरे. "काळ्या केसाखाली दुकान उघडं आहे," डॉक्टर म्हणाले. पांढऱ्या केसाखाली साठा संपलेला असतो, तिथे औषधाने फार होत नाही.

त्या क्लिनिकमध्ये कुणीही लव बघितली नव्हती. मी ताईला मुद्दाम विचारलं.

आता मला विचारायचंय ते हे. इथे कुणी लाइट, म्हणजे अतिनील किरणांचा उपचार, घेतली आहे का? शस्त्रक्रिया? ते नवं मलम? अनुभव लिहा.

शनिवारपेठी:

ताई, पाणी आलं डोळ्यांत. माझ्या मुलीला विसाव्या वर्षी पायावर सुरू झालं, आता चोवीसची आहे. स्थळं येतात, फोटो आवडतो, मग आम्ही खरं सांगतो आणि फोन बंद. लपवून लग्न करणार नाही, हे आम्ही तिघांनी बसून ठरवलंय. पण समोरचे एकच विचारतात, मुलांना होईल का? आणि एका गृहस्थांनी तर पांढऱ्या डागाचा कॅन्सर होतो असं सांगितलं. जाणकारांनी उत्तर द्यावं.

डॉ_माळरान:

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावात प्रॅक्टिस. इथे कुणालाही औषध लिहून देणार नाही, पण प्रश्नांची उत्तरं देतो.

शनिवारपेठी, आईला किंवा वडिलांना कोड असेल तर मुलांत ते दिसण्याचं प्रमाण शंभरात साधारण सहा-सात. म्हणजे नव्वदाहून जास्त मुलांना होत नाही. तंतोतंत सारख्या जुळ्यांत एकाला असेल तर दुसऱ्याला असण्याचं प्रमाण एका मोठ्या पाहणीत २३ टक्के निघालं. जनुकं अगदी एक असूनही चारांतल्या तिघांना नाही, तर मग नुसतं "रक्तात आहे" म्हणून कसं चालेल? हा संसर्ग नाही, महारोगाशी याचा काडीचा संबंध नाही. "श्वेतकुष्ठ" या शब्दाने पिढ्यान्पिढ्या नुकसान केलं, तो शब्द मी केसपेपरवर लिहीत नाही.

कॅन्सरचं तर उलट आहे. युरोपातल्या पाहण्यांत कोड असलेल्यांना मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, आणि त्वचेचे इतर कॅन्सर कमी होताना दिसले. मेलॅनोमाच्या रुग्णांना प्रतिकारशक्ती मोकळी सोडणारी औषधं दिली आणि अंगावर पांढरे डाग उमटले, तर ते रुग्ण जास्त जगतात असंही आढळलं आहे. रंगपेशींवर तुटून पडणारी फौज बिघडलेल्या रंगपेशींनाही सोडत नाही. पांढऱ्या भागाला उन्हाचा चटका मात्र बसतो, तेवढं जपायचं.

एक काम मात्र सगळ्यांनी करावं. थायरॉइडची रक्ततपासणी. कोडाबरोबर थायरॉइडचा त्रास बऱ्याच जणांत सापडतो आणि त्याला औषध आहे.

एडिसनकर:

न्यू जर्सीहून लिहितोय. रुक्सोलिटिनिबचं मलम मी दीड वर्ष वापरलं. कृष्णाकाठ यांनी जे चक्र सांगितलं, इंटरफेरॉनचा निरोप, तो पेशीच्या आत जॅक नावाच्या प्रथिनामार्फत पोचतो. हे मलम जॅक अडवतं. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते बारा वर्षांवरच्यांच्या कोडासाठी मंजूर केलं. रंग परत आणणारं म्हणून तिथे मंजूर झालेलं हे पहिलं औषध.

खरं सांगायचं तर जादू नाही. चाचण्यांत २४ आठवड्यांनी चेहऱ्याचा पाऊण भाग भरलेले रुग्ण साधारण ३० टक्के होते, नुसतं साधं मलम लावणाऱ्यांत ७ ते ११ टक्के. वर्षभर लावल्यावर निम्म्यांपर्यंत गेले. माझा चेहरा नऊ महिन्यांत भरला. बोटांच्या पेरांवर काहीही नाही, तिथे केस कुठून आणणार! एका नळीची छापील किंमत दोन हजार डॉलरच्या आसपास, विम्याने तारलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मी बंद केलं आणि आठ महिन्यांनी डाव्या भुवईशेजारी तोच डाग, त्याच आकाराचा, जणू कुणी शिसपेन्सिलीने खुणा करून ठेवल्या होत्या. इथल्या डॉक्टरांनी समजावलं की हल्ला संपला तरी काही टी पेशी त्याच जागी मुक्काम ठोकतात आणि जागा लक्षात ठेवतात. मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन हॅरिस यांचा गट याच स्मृतिपेशींवर काम करतो. या पेशी आयएल-१५ नावाच्या प्रथिनावर जगतात. तो पुरवठा तोडला तर उंदरांत रंग परत आला आणि टिकला, हे त्यांनी २०१८ मध्ये दाखवलं. माणसांवर चाचण्या सुरू झाल्यात. मी डोळे लावून बसलोय.

रानजाई:

आपल्याकडे बावची आहे की! अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात पांढऱ्या डागांवर काळ्या वनस्पतीची सूक्तं आहेत. आपली माणसं हे हजारो वर्षं जाणतात. परदेशी मलमाला दोन हजार डॉलर कशाला?

कृष्णाकाठ:

रानजाई, बावचीचा मान मलाही आहे, त्यामुळे नीट लिहिते. बावचीत सोरालेन असतं. इजिप्तमध्ये नाईलकाठी उगवणाऱ्या एका रोपातही तेच, आणि कैरोच्या अल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात त्यातून वेगळा केलेला अर्क कोडावर वापरला. पुढे सोरालेन आणि अतिनील किरण मिळून जी उपचारपद्धत आली तिचं मूळ हेच. म्हणजे आपल्या लोकांचं निरीक्षण खरं होतं.

पण सोरालेन त्वचेला उन्हासाठी हळवं करतं, आणि किती करतं ते उगाळलेल्या लेपात मोजता येत नाही. मी बारावीत असताना आजीने बावची गोमूत्रात भिजवून उगाळली, पोटरीवर लावली आणि मला अंगणात तुळशीजवळ पाटावर बसवलं. मार्च महिना, सकाळचे साडेदहा. अर्ध्या तासाने काही वाटलं नाही. रात्री पोटरीवर लिंबाएवढे दोन फोड. ते फुटले, चिघळले, आणि जिथे फोड होता तिथे आधीपेक्षा मोठा पांढरा डाग पडला. कोड असलेल्या अंगाला जखम झाली की त्या जागी नवा डाग येऊ शकतो. आजी रडली. तिने मायेनेच केलं होतं, तिला दोष देत नाही.

त्यासोबत पथ्य. आंबट बंद, मासे बंद, दूध आणि मीठ एकत्र बंद. चार वर्षं मी दही तोंडात घातलं नाही. एकही डाग कमी झाला नाही. भाचीच्या ताटातलं दही काढायला निघालेल्या आत्याबाईंना मी या वेळी हात जोडून थांबवलं.

डॉ_माळरान:

जखमेबद्दल लिहिलंत ते फार मोलाचं आहे. घासण्यानेही तेच होतं. परकराची नाडी घट्ट बांधणाऱ्या बायकांना कमरेभोवती पट्टा उमटलेला मी नेहमी बघतो. नाडीऐवजी रुंद पट्टा वापरा, सैल बांधा. घड्याळ, चपलेचा अंगठा, चष्म्याची दांडी, सगळं तपासा. भाचीचे डाग गुडघ्यावर आहेत तर ती मांडी घालून कशावर बसते, गुडघे टेकून काय करते, हे जरूर विचारा.

अबोली:

डॉक्टर, सासूबाईंना कपाळावर बरोबर टिकलीच्या जागी पांढरं झालंय. बाकी अंगावर कुठेही नाही. हेही कोडच का?

डॉ_माळरान:

टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटिल फिनॉल नावाचं रसायन असू शकतं, ते थेट रंगपेशींना मारतं. रबरी चपलांनीही होतं. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यात कामगारांचे हात पांढरे पडले, तेव्हा दोष हातमोज्यांच्या रबरातल्या अशाच एका रसायनाचा निघाला. चिकटणारी टिकली आजपासून बंद. कुंकू लावायचं असेल तर चांगल्या प्रतीचं, आणि तेही त्वचा शांत झाल्यावर. लवकर थांबवलं तर पुष्कळदा रंग परत येतो. दाखवून मात्र घ्या, काहींत पुढे खरं कोडही सुरू होतं.

शनिवारपेठी:

डॉक्टर, मन:पूर्वक आभार. कॅन्सरवालं उत्तर छापून त्या गृहस्थांना नेऊन देणार आहे. आता शस्त्रक्रियेबद्दल सांगाल का? मुलीचा डाग तीन वर्षं जागचा हललेला नाही.

डॉ_माळरान:

जागचा न हलणं, हीच पहिली अट. निदान वर्षभर नवा डाग नको, जुना वाढायला नको. नाहीतर नव्याने पेरलेल्या रंगपेशीही टी पेशी खाऊन टाकतात.

जी शस्त्रक्रिया आज भारतात चांगली होते तिचं काम सांगतो. मांडीवरून किंवा कुल्ल्यावरून कागदासारखी पातळ त्वचा काढतात. ती ट्रिप्सिन या विकरात ठेवली की वरचा आणि खालचा थर सुटतो, पेशी मोकळ्या होतात. त्यांचा द्राव करून, डागाचा वरचा थर घासून काढून, त्यावर पसरतात. वरून पट्टी, साधारण आठवडाभर. घेतलेल्या त्वचेच्या पाच-दहापट जागा झाकता येते. गोतिए यांनी फ्रान्समध्ये १९९२ साली ही वाट दाखवली, आणि दिल्लीचं एम्स, चंदीगडचं पीजीआय इथल्या त्वचारोग विभागांनी त्यावर जगात नावाजलेलं काम केलं आहे. एम्सने तर डोक्याचे केस मुळासकट काढून त्यांच्या आवरणातल्या पेशींचा द्रावही वापरला. म्हणजे कृष्णाकाठ म्हणतात तो केसाचा साठाच उचलून दुसरीकडे नेला.

लक्षात घ्या, यात पेशी तुमच्याच, त्याच दिवशी काढलेल्या, त्याच दिवशी लावलेल्या, आणि डागावर लावलेल्या. पोटाच्या चरबीतून किंवा कुणाच्या नाळेतून काढून शिरेत सोडलेल्या नाहीत. शिरेतून दिलेल्या मूळपेशी गुडघ्यावर जाऊन रंगपेशी बनतात, याला माणसांत पुरावा नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मूळपेशी रोपण सोडलं, तर मान्य चाचणीबाहेर स्टेम सेल देणं अनैतिक आणि गैरवर्तन. आणि मान्य चाचणीत भाग घ्यायला रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. कुणी "ट्रायल आहे" म्हणून लाखाची पावती फाडत असेल तर तिथून उठा.

दिगंत:

स्टेम सेलने त्वचा खरंच बदलता येते, फक्त ती गोष्ट वेगळी आहे, म्हणून सांगतो. जर्मनीत बोखुमच्या रुग्णालयात २०१५ मध्ये सात वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. एपिडर्मोलिसिस बुलोसा, म्हणजे वरची त्वचा खालच्या थराला धरूनच राहत नाही, साध्या घर्षणाने सोलवटते. बहुतेक अंगावरची वरची त्वचा गेलेली, जंतुसंसर्ग झालेला. इटलीतल्या मोदेनात मिकेले दे लुका यांच्या प्रयोगशाळेने त्याच्या उरलेल्या चांगल्या जागेतून छोटा तुकडा घेतला, पेशींत सदोष जनुकाची चांगली प्रत घातली, त्वचेच्या चादरी वाढवल्या, आणि शल्यवैद्यांनी त्या अंगावर लावत नेल्या. जवळजवळ ८० टक्के अंग नवं. पुढे तपासलं तर ती सगळी त्वचा मोजक्याच दीर्घायुषी मूळपेशींच्या जिवावर नवी होत होती. २०१७ मध्ये हे छापून आलं.

सांगायचा मुद्दा, तिथे कोणती पेशी, किती, कुठे बसली, किती वर्षं टिकली, याचा हिशोब होता. क्लिनिकवाल्याला फक्त हाच हिशोब मागा.

अबोली:

टेन्शनने होतं का? सासूबाईंचं टिकलीचं कळलं, पण माझ्या भावाला नोकरी गेल्यावर सुरू झालं.

कृष्णाकाठ:

अबोली, माझंही बारावीच्या ताणातच सुरू झालं, त्यामुळे हा प्रश्न मी वर्षानुवर्षं उशाशी घेऊन झोपले आहे. हार्वर्डच्या या-चिए शू यांच्या गटाने २०२० मध्ये उंदरांवर दाखवलं की ताणात मज्जातंतू केसाच्या फुगवट्यात नॉरअ‍ॅड्रिनॅलिन नावाचं रसायन ओततात, मूळपेशी एकदम सगळ्या जाग्या होऊन निघून जातात, साठा रिता होतो आणि केस पांढरा उगवतो. ते केसाचं झालं, कोडाचं नव्हे. पण साठा एकच आहे. भावाला एवढं सांगा की त्याने स्वतःहून काही ओढवून घेतलेलं नाही.

एडिसनकर:

भाची कशी आहे? लाइट सुरू केली का?

कृष्णाकाठ:

उशीर झाला, क्षमस्व. मार्चपासून सुरू केली. नॅरोबँड यूव्हीबी, ३११ नॅनोमीटर, आठवड्यातून दोनदा. सरकारी रुग्णालयात, नाममात्र पैशांत. भाऊजींनी कर्जाचा अर्ज फाडला. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की ७२ वेळा घेतल्याशिवाय "लागू पडत नाही" म्हणायचं नाही, त्यामुळे ताईने कॅलेंडरवर आकडे लिहून ठेवलेत. डॉ_माळरान यांनी विचारायला सांगितलं होतं ते विचारलं. ती रोज गुडघे टेकून जमिनीवर पसरलेल्या चित्राच्या कागदावर वाकत असे. आता टेबल आणलंय.

मे अखेरीपर्यंत काही नाही. ताई खचली होती, फोनवर बोलायची नाही. एकतिसाव्या वेळेनंतर मी गेले तेव्हा मुलगी भिंग घेऊन खिडकीत बसली होती. मला म्हणाली, "मावशी, तीळ आलेत." पहिल्या डागात, प्रत्येक काळ्या केसाभोवती, मोहरीहून लहान तपकिरी ठिपका. तिने पेनाने वहीत गुडघा काढून प्रत्येक ठिपक्याला नंबर दिला आहे. काल रात्री फोनवर मोजून दाखवले, सोळा.

दुसऱ्या डागात अजून काही नाही. ते दोन पांढरे केसही तिने वहीत काढलेत, नंबर न देता. बत्तिसावी वेळ गुरुवारी आहे.